‘फ्रीडम विंड’ ऐकताना: सगळे जुळते, तरी काय राहून जाते?

जुनी_तबकडी (प्रश्न)

गेले दोन आठवडे मी ‘द एक्सप्लोरर्स क्लब’ या अमेरिकी बँडचा ‘फ्रीडम विंड’ हा पहिला अल्बम पुन्हा पुन्हा ऐकत आहे. साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन शहरातल्या तरुणांचा हा बँड. जेसन ब्रुअर हा त्यांचा म्होरक्या, आणि हा अल्बम ‘डेड ओशन्स’ या लेबलने २००८ मध्ये काढला. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की बीच बॉईज या कॅलिफोर्नियाच्या बँडच्या १९६३ ते १९६६ या काळातल्या तबकड्या ज्याच्या कानात बसल्या आहेत, त्याला पहिल्या मिनिटातच आपण कुठे आलो आहोत हे कळते. वर तरंगणारा फॉल्सेटो (पुरुषाने बारीक करून लावलेला उंच आवाज), खाली खर्जाला धरून ठेवणारा आवाज, मध्ये तीन-चार आवाजांची गच्च वीण आणि या सगळ्यावर पसरलेला तो ओलसर प्रतिध्वनी, असे सारे काही जागच्या जागी आहे.

माझी अडचण अशी की अल्बम मला आवडतो, मी तो कौतुकाने ऐकतो, एखादी ओळ दिवसभर गुणगुणतो, आणि तरीही मूळ तबकड्या ऐकताना घशाशी जे काही दाटून येते ते इथे येत नाही. मी स्वतः साठच्या दशकात जन्मलेलो नाही आणि कॅलिफोर्नियाचा समुद्र मी छायाचित्रांतच पाहिला आहे, त्यामुळे हा बालपणीच्या आठवणींचा परिणाम आहे असे म्हणून मला वाटेला लावता येणार नाही. माझ्यासाठी १९६६ आणि २००८ ही दोन्ही साले सारखीच परकी आहेत.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या काळातील हार्मनी पॉपचा, म्हणजे अनेक गळे वेगवेगळ्या स्वरांत एकत्र गातात त्या पॉपचा, हा नाद नेमका कशातून तयार होतो, आणि तो इतक्या निष्ठेने पुन्हा उभा केल्यावरही त्यातून जे निसटते ते काय असते? ‘जुने ते सोने’ हे उत्तर मला आधीच माहीत आहे, तेव्हा ते वगळून लिहावे ही विनंती.

तिसरा_सूर

मी अनेक वर्षे एका हौशी गायनसमूहात मधला आवाज गातो, म्हणजे ज्याच्याकडे श्रोत्याचे कधीच लक्ष जात नाही तो. त्यामुळे माझे उत्तर त्या जागेवरून दिसणारे आहे असे समजून वाचावे.

हा नाद समजून घ्यायचा तर बीच बॉईजच्याही मागे जावे लागते. बीच बॉईजची गाणी रचणाऱ्या ब्रायन विल्सनने किशोरवयात ज्यांचा ध्यास घेतला तो ‘द फोर फ्रेशमेन’ हा जॅझ गायकांचा चौघांचा चमू १९४८ मध्ये इंडियानात सुरू झाला होता. त्यांच्या तबकड्या लावायच्या, एकेक ओळ थांबवून ऐकायची, पियानोवर प्रत्येक आवाज वेगळा शोधून काढायचा आणि मग घरातल्या भावांना तो शिकवायचा, अशी त्याची शाळा होती. फ्रेशमेनची मांडणी साध्या तीन स्वरांच्या कॉर्डवर (एकाच वेळी लागणाऱ्या स्वरांच्या गुच्छावर) थांबत नाही. त्यात सातवा आणि नववा स्वर येतो, आवाजांमध्ये मोकळी अंतरे असतात, आणि त्यामुळे चारच माणसे गात असूनही खोली भरून जाते. ब्रायनने हे जॅझचे व्याकरण घेतले आणि ते चक बेरीच्या वळणाच्या रॉक अँड रोलवर बसवले. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न या उपनगरात तीन भाऊ, एक आतेभाऊ आणि एक मित्र यांनी बँड काढला तेव्हा आवाजांची वाटणी जणू निसर्गानेच करून ठेवली होती. माइक लव्हचा खालचा आवाज, ब्रायनचा वरचा, आणि मध्ये कार्ल, डेनिस व अॅल जार्डिन.

भावाभावांच्या गाण्यात जे जुळून येते त्यात गूढ काही नाही. एकाच घरात वाढलेली माणसे ‘आ’ आणि ‘ए’ एकाच पद्धतीने उच्चारतात, त्यांच्या तोंडाची आणि घशाची ठेवणही जवळची असते, त्यामुळे स्वर वेगळे असले तरी आवाजाचा रंग एक राहतो. एव्हर्ली बंधूंचे गाणे याच कारणाने दोन माणसांचे वाटत नाही. अलीकडच्या बँडपैकी ‘द लेमन ट्विग्ज’ यांचा २०१६ चा पहिला अल्बम ‘डू हॉलिवूड’ ऐकावा. तेही दोघे भाऊच आहेत, आणि त्यांच्या दोन आवाजांमधली फट शोधून सापडत नाही. ज्यांचे रक्ताचे नाते नाही त्यांना हा एकजीवपणा स्वरांच्या उच्चारावर महिनोन्‌महिने काम करून मिळवावा लागतो. ‘फ्रीडम विंड’मधल्या गायकांनी तो बऱ्याच प्रमाणात मिळवला आहे, आणि हे मी सहज म्हणत नाही, कारण आम्हाला तो अजून मिळालेला नाही.

आता जे निसटते त्याविषयी. माझा संशय गंधारावर आहे. आपल्याला तंबोऱ्यावर गाण्याच्या परंपरेमुळे हे चटकन समजेल. षड्जाशी पूर्ण मिळालेला शुद्ध गंधार हा पियानोवरच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो, सेंटच्या मापात (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सुमारे १४ सेंटने. षड्ज ४४० हर्ट्झचा धरला तर मिळालेला गंधार ५५० हर्ट्झवर येतो, पियानोचा मात्र ५५४.४ च्या आसपास. माणसे एकमेकांचे ऐकून गातात तेव्हा कान आपोआप त्या ५५० कडे सरकतो, कारण तिथे कॉर्डमधली थरथर नाहीशी होते आणि चार आवाजांतून न गायलेला पाचवा आवाज ऐकू यायला लागतो. १९९७ मध्ये बेसूर आवाज सुरात आणणारी ‘ऑटो-ट्यून’ ही संगणक प्रणाली बाजारात आल्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांत प्रत्येक आवाज सुटा घेऊन पियानोच्या पट्टीवर नेऊन बसवण्याची सवय लागली आहे. प्रत्येक गायक बिनचूक, आणि एकत्र ऐकताना कॉर्ड मात्र काचेसारखी. या अल्बममध्ये असे केले आहे असे माझे म्हणणे नाही. पण त्या पिढीचा कानच अशा गाण्यावर घडला, आणि कान घडतो तसा गळा गातो.

टेपवाला

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. तिसरा_सूर यांचे गंधाराचे विवेचन मला पटले, पण त्यात एक दुरुस्ती सुचवतो. १९६६ च्या स्टुडिओतही पियानो, ऑर्गन आणि गिटार होतीच, आणि ती सगळी समान अंतराच्या पट्टीत लावलेली होती. गायकांच्या कानात तीच वाद्ये वाजत होती. म्हणजे तेव्हाही शुद्ध गंधार आणि पियानोचा गंधार यांच्यामध्ये कुठेतरी तडजोड व्हायची. फरक एवढाच की ती तडजोड माणूस करत होता, आणि ती प्रत्येक कॉर्डला वेगळी होती.

मला वाटते, शोध स्टुडिओच्या रचनेत घ्यावा. बीच बॉईजचा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम (मे १९६६) कसा झाला ते पाहा. वाद्यमेळ बहुतांशी ‘वेस्टर्न’ स्टुडिओत आणि काही गाण्यांसाठी ‘गोल्ड स्टार’मध्ये घेतला गेला. हॅल ब्लेनसारखा ड्रमवादक, कॅरोल केसारखी बेसवादक आणि आणखी दहा-बारा कसलेले वादक एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवत होते. अॅकॉर्डियनचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरत होता आणि ड्रमचा पियानोच्या. टेप होती तीन किंवा चार ट्रॅकची, म्हणजे तिच्यावर शेजारी शेजारी तीन-चारच ध्वनी वेगळे साठवता येत. वाद्यमेळ मनासारखा झाला की तो सगळा मिसळून दुसऱ्या टेपच्या एकाच ट्रॅकवर उतरवायचा आणि उरलेल्या ट्रॅकवर आवाज घ्यायचे. लॉस एंजेलिसमध्ये आठ ट्रॅकचे यंत्र त्या वेळी अपवादानेच मिळे. ‘कोलंबिया’च्या स्टुडिओत ते होते, म्हणून आवाजांसाठी ब्रायन तिथे जाई, कारण एक ट्रॅक वाद्यांना दिला तरी आवाजांसाठी सात उरत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. वाद्यमेळ एका ट्रॅकवर उतरवला त्या क्षणी बेस किती आणि टँबुरीन किती हे कायमचे ठरले. पुढे आवाज चढवताना टँबुरीन टोचते आहे असे वाटले तर दोनच मार्ग उरत. एक तर सगळे पुन्हा करायचे, नाही तर टोचणाऱ्या टँबुरीनला सामावून घेईल अशा रीतीने आवाजांची मांडणी करायची. त्या तबकड्यांमध्ये आवाज आणि वाद्ये एकमेकांत मुरल्यासारखी वाटतात, कारण नंतरचा प्रत्येक थर आधीच्या थराकडे पाहून, त्याच्या खोडी ओळखून घातलेला आहे. आज शंभर ट्रॅक उघडे ठेवून शेवटच्या रात्रीपर्यंत टँबुरीन खालीवर करता येते. ही मोठी सोय आहे, आणि मी रोज तिच्यावरच पोट भरतो. पण अशा कामात कुठलाच थर दुसऱ्यापुढे वाकत नाही. प्रत्येकाला शेवटपर्यंत आपली जागा बदलण्याची मुभा राहते, आणि ऐकणाऱ्याला ती मुभा कुठेतरी जाणवते.

डबल ट्रॅकिंगचेही तसेच आहे. ब्रायन त्याच गायकांकडून तीच ओळ दुसऱ्यांदा गाऊन घेई आणि पहिलीवर चढवी. दोन्ही वेळच्या श्वासात, शब्द सोडण्यात केसभर फरक असतो, आणि त्या फरकातून आवाजाला ती मखमल येते. लंडनच्या ‘अॅबी रोड’ स्टुडिओत १९६६ मध्ये केन टाउनझेंड या तंत्रज्ञाने हा परिणाम यंत्राने साधण्याची युक्ती काढली, कारण बीटल्सना, विशेषतः लेननला, तेच पुन्हा गाण्याचा कंटाळा येई. युक्ती उत्तम आहे, पण तिचा आवाज वेगळाच लागतो. एकाच गाण्याची प्रत किंचित सरकवून लावली की दोन माणसे भेटत नाहीत, एकच माणूस आरशासमोर उभा राहतो.

आणि प्रतिध्वनी. ‘गोल्ड स्टार’च्या प्रतिध्वनीच्या खोल्या ही प्रत्यक्षातली जागा होती. खोलीत स्पीकर लावून आवाज सोडायचा आणि भिंतींवरून परतलेला आवाज माइकने टिपायचा. फिल स्पेक्टर या निर्मात्याची सुप्रसिद्ध ‘ध्वनीची भिंत’ याच खोल्यांवर उभी होती. तो स्टुडिओ १९८४ मध्ये बंद झाला. आज तसा प्रतिध्वनी संगणकात बराच जवळ आणता येतो, आणि ‘फ्रीडम विंड’मध्ये तो सुंदर वापरला आहे. माझी तक्रार प्रतिध्वनीविषयी नाहीच.

जाता जाता एक गंमत सांगतो. ‘पेट साउंड्स’मधल्या ‘कॅरोलाइन, नो’ या गाण्याची टेप अर्ध्या स्वराने वेगात फिरवून पट्टी चढवली होती, आवाज अधिक कोवळा वाटावा म्हणून. सूचना ब्रायनच्या वडिलांची. आवाजाशी खेळण्याची खोड संगणकाने आणली असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रात्रपाळी

चर्चा वाचून एक छोटी सूचना. ‘पेट साउंड्स’ मुळात मोनोमध्ये मिसळलेला आहे. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, त्यामुळे स्टीरिओची त्याला फारशी मातब्बरी नव्हती. खरेखुरे स्टीरिओ मिश्रण थेट १९९७ च्या ‘द पेट साउंड्स सेशन्स’ या संचात आले. प्रश्नकर्त्यांनी मूळ तबकडी आणि ‘फ्रीडम विंड’ यांची तुलना हेडफोनवर केली असेल, तर एक मोनो आणि दुसरा स्टीरिओ अशी ती तुलना झाली असण्याची शक्यता आहे. दोन्ही एकाच स्पीकरवर, थोड्या अंतरावरून ऐकून पाहावे. त्याच १९९७ च्या संचात केवळ गळ्यांचे ट्रॅकही आहेत. वाद्ये काढून घेतल्यावर त्या चौघा-पाचांनी काय केले आहे ते तिथे उघडे दिसते. मी तो भाग रात्री कामावर ऐकतो आणि काम तसेच पडून राहते.

कोरा_कागद

आतापर्यंतच्या उत्तरांत यंत्रे आणि स्वर यांच्याविषयी उत्तम माहिती आली, परंतु गाणे कशाविषयी आहे याचा उल्लेख कोणीच केला नाही. माझ्या मते प्रश्नकर्त्यांना जे उणे वाटते ते तिथे आहे.

ब्रायन विल्सन स्वतः सर्फिंग करत नसे, पाचांपैकी ते वेड डेनिसला होते. तरीही १९६३ मधले सर्फिंगचे गाणे हे चालू वर्तमानाचे गाणे होते. खिडकीबाहेर ती पोरे खरोखर फळ्या घेऊन समुद्रावर चालली होती, आणि घरात बसलेला एक बुजरा तरुण त्यांच्या आनंदाविषयी लिहीत होता. त्याच वर्षीचे ‘इन माय रूम’ ऐकले तर त्या आनंदाची दुसरी बाजू कळते. आनंदाचे शब्द आणि त्याखालच्या कॉर्डमधली घालमेल यांचा हा विसंवादच त्या संगीताचे मर्म आहे असे मला वाटते. पुढे ‘पेट साउंड्स’साठी त्याने टोनी अॅशर या जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या माणसाला हाताशी धरले, आणि दोघांनी मिळून मोठे होण्याच्या भीतीविषयी इतक्या सरळ भाषेत लिहिले, की पॉप गाण्यात असे बोलता येते यावर लोकांचा विश्वास बसेना. अमेरिकेत तो अल्बम दहाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही. ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्यापर्यंत पोचला.

२००८ मधल्या तरुणाने उन्हाळा, वारा आणि हातातून निसटणारी मुलगी यांवर त्याच सुरात लिहिले की ते गाणे गाण्यांविषयीचे गाणे होते. त्याच्या समोर समुद्र नसतो, समुद्राची तबकडी असते. मी हे हिणवण्यासाठी म्हणत नाही, कारण तबकडीवरचे प्रेम हेही खरे प्रेम असू शकते. पण त्या प्रेमाविषयी स्पष्ट बोलण्याऐवजी बँड मूळ गाण्यांच्या नायकाचे कपडे घालून उभा राहतो, आणि कपडे अंगाला बेताचे बसले आहेत याचेच आपण कौतुक करत राहतो.

त्याच सुमाराचे आणखी दोन अल्बम शेजारी ठेवून पाहावेत. पांडा बेअर या गायकाच्या ‘पर्सन पिच’मध्ये (२००७) ब्रायनच्या वळणाचे आवाज आहेत, पण ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या, गोल गोल फिरणाऱ्या ध्वनींवर बसवलेले आहेत. जुन्या स्टुडिओचा आव त्याने आणलेलाच नाही. ‘फ्लीट फॉक्सेस’ यांचा त्याच नावाचा पहिला अल्बम तर २००८ च्याच जूनमध्ये आला. त्यातही हार्मनी आहे, प्रतिध्वनी आहे, एकामागून एक आवाज शिरण्याची जुनी रीत आहे, परंतु ती सामग्री त्यांनी डोंगर, बर्फ आणि भाऊबंद यांच्या स्वतःच्या जगासाठी वापरली. दोन्ही अल्बम ऐकताना मूळ आवाजाची आठवण येते आणि लगेच मागे पडते. ‘फ्रीडम विंड’ ऐकताना ती आठवण शेवटपर्यंत समोर बसून राहते.

खर्ज

कोरा_कागद यांचे लिखाण नेहमीप्रमाणे वाचनीय आहे, पण मला हा निवाडा घाईचा वाटतो.

पहिली गोष्ट नकलेविषयी. १९६३ मध्ये स्पेक्टरने काढलेले रोनेट्स या गायिकांचे ‘बी माय बेबी’ ऐकून ब्रायन वेडा झाला. हॅल ब्लेनचा सुरुवातीचा ठेका आणि ती ध्वनीची भिंत यांचा उलगडा करण्यासाठी तो ती तबकडी असंख्य वेळा ऐकत बसला, आणि त्या गाण्याला उत्तर म्हणून त्याने रॉजर ख्रिश्चन या गीतकाराबरोबर ‘डोन्ट वरी बेबी’ लिहिले, जे १९६४ मध्ये आले. स्टुडिओ स्पेक्टरचे, वादक स्पेक्टरचे, हार्मनी फोर फ्रेशमेनची, आणि ‘सर्फिन यूएसए’ची चाल तर सरळ चक बेरीची, इतकी की पुढे श्रेय त्यालाच द्यावे लागले. अशा माणसाच्या शिष्यांवर नकलेचा आरोप ठेवताना थोडा संकोच वाटायला हवा.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती वर कोणाच्याच ध्यानात आलेली दिसत नाही. आपण सगळे एका बँडच्या पहिल्या अल्बमची तुलना दुसऱ्या बँडच्या अकराव्या अल्बमशी करत आहोत. ‘पेट साउंड्स’ हा बीच बॉईजचा अकरावा स्टुडिओ अल्बम होता. त्यांचा पहिला, ‘सर्फिन सफारी’, ऑक्टोबर १९६२ चा, आज कोण आवडीने अथपासून इतिपर्यंत ऐकतो? त्यात हार्मनी पातळ आहे, वादन शिकाऊ आहे आणि निम्मी गाणी जागा भरण्यासाठी आहेत. तिथून ‘पेट साउंड्स’पर्यंत पोचायला त्यांना चार वर्षेही लागली नाहीत, कारण कंपनी वर्षाला तीन-तीन अल्बम मागत होती आणि तेवीस वर्षांचा ब्रायन दर आठवड्याला स्टुडिओत उभा राहून चुका करत होता. २००८ मधल्या छोट्या लेबलवरच्या बँडला चुका करण्यासाठी अशी जागा कोण देतो? त्याला पहिल्याच अल्बममध्ये पूर्ण घडलेले दिसावे लागते, आणि पूर्ण घडलेले दिसण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे दुसऱ्याची पूर्ण घडलेली शैली.

त्यामुळे या अल्बमकडे मी तालमीची वही म्हणून पाहतो. तालमीची वही प्रसिद्ध करावी की नाही यावर वाद होऊ शकतो. पण चार-पाच आवाजांची अशी मांडणी स्वतः लिहिणे, ती गळ्यावर चढवणे आणि ऐकणाऱ्याला दोन आठवडे धरून ठेवणे हे सोंग आणून जमत नाही. फॉल्सेटो लागतो किंवा लागत नाही. मी खालचा आवाज गाणारा आहे, त्यामुळे वर जाणाऱ्यांविषयी मला असूयेसकट आदर आहे.

कोरा_कागद

अकराव्या अल्बमचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षात यायला हवा होता. चक बेरीचा मात्र नाही, कारण ब्रायनने चाल बेरीची आणि हार्मनी फ्रेशमेनची घेतली, म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांची गाठ घालून दिली. त्या गाठीतून तिसरेच काही निघाले. ‘फ्रीडम विंड’च्या मागे प्रामुख्याने एकच माणूस आहे, आणि त्याने घातलेली गाठ आयती मिळालेली आहे. नक्कल केली म्हणून माझी तक्रार नाही, एकाचीच केली म्हणून आहे. त्याच दशकातील हार्मनीची इतर घराणी घ्या. ‘द असोसिएशन’चे ‘नेव्हर माय लव्ह’, ‘द लेफ्ट बँक’चे ‘वॉक अवे रेने’मधले तंतुवाद्यांचे वळण, ‘द झॉम्बीज’चा १९६८ मधला ‘ओडेसी अँड ऑरॅकल’, कर्ट बेचरने उभा केलेला ‘द मिलेनियम’चा ‘बिगिन’. यांतल्या एखाद्या दूरच्या नातेवाइकाची बीच बॉईजशी गाठ घातली असती तर काय झाले असते, याचीच मला उत्सुकता आहे.

टेपवाला

‘बिगिन’चे नाव निघाले हे बरे झाले. तो १९६८ चा, आणि तोवर ट्रॅकची चैन वाढू लागली होती. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने तो या गटातला मला सर्वांत श्रीमंत वाटतो. विकला मात्र गेला नाही. तो ऐकल्यावर, केवळ चार ट्रॅकच्या अडचणीमुळे सगळी जादू झाली हे माझेच वरचे म्हणणे थोडे सैल करावे लागते. तिथे आवाजांना भरपूर जागा होती आणि तरीही ते एकमेकांत मुरलेले आहेत. बेचर आधी स्वतः गायक होता आणि गायकांना एकत्र बसवून घोटून घेत असे, हे कारण असावे. म्हणजे फिरून तिसरा_सूर यांच्याच मुद्द्यापाशी आलो.

जुनी_तबकडी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे काल दोन्ही अल्बम एकाच लहान स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकले. आश्चर्य म्हणजे अंतर बरेच कमी झाले. हेडफोनवर ‘फ्रीडम विंड’मधले आवाज मला वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवल्यासारखे वाटत होते. स्पीकरवर ते एका बाकावर आले. म्हणजे माझ्या तक्रारीचा काही भाग माझ्या ऐकण्याच्या पद्धतीचा होता, हे कबूल करतो.

उरलेल्या भागाविषयी मी खर्ज आणि कोरा_कागद यांच्यामध्ये अजून हेलकावत आहे. तालमीची वही ही कल्पना मला आवडली. तिच्यामुळे अल्बमवरचा राग गेला, पण घशाशी काही दाटून आले नाही. नंतर केवळ गळ्यांचे ट्रॅक ऐकले. ‘गॉड ओन्ली नोज’च्या शेवटी आवाज एकमेकांच्या पाठीमागून येत राहतात तिथे मी तीन वेळा थांबलो. शब्द तेच, आवाज तेच, आणि प्रत्येक फेरीत कोणीतरी वेगळ्या जागी श्वास घेतो. त्या श्वासांकडे माझे आजवर लक्षच गेले नव्हते.

मग एक खुळेपणा केला. ‘फ्रीडम विंड’मधल्या माझ्या आवडत्या गाण्याबरोबर मधला आवाज गाण्याचा प्रयत्न केला. दोन ओळींनंतर गळा आपोआप वरच्या आवाजाला जाऊन चिकटतो. कितीही निश्चय केला तरी तेच. तिसरा_सूर, आपण हे इतकी वर्षे कसे करता?

तिसरा_सूर

सगळ्यांचेच तसे होते, त्यात खुळेपणा काही नाही. वरचा आवाज टाळण्याचा प्रयत्न करू नका, कारण टाळायचे म्हटले की कान त्यालाच शोधत बसतो. उलट आधी तोच पूर्ण पाठ करा, इतका की त्याचा कंटाळा यावा. मग खर्ज पाठ करा. दोन्ही टोके पक्की झाली की मधला आवाज गाताना एक कान वर आणि एक खाली ठेवता येतो. सुरुवातीला शब्द सोडून नुसत्या ‘ऊ’वर गा, आणि गाण्याचा आवाज इतका लहान ठेवा की स्वतःचा गळा त्याच्या वर ऐकू येईल. कुठल्या तरी एका कॉर्डवर अचानक कानात किंचित गुणगुण होईल आणि आपला आवाज नाहीसा झाल्यासारखा वाटेल. घाबरून मोठ्याने गाऊ नका. तिथे तो लागलेला असतो.